शुक्रवारी मी तिथे नव्हते

सुरुवातीलाच सांगून टाकते, १ फेब्रुवारी २००८ ला मी आजारी होते. कॉलेजच्या मस्टरवर तशी नोंद आहे, सीएलच्या अर्जावर 'पोटात बिघाड' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर आंबा कलरचा पंजाबी ड्रेस घालून, गळ्यात पर्स अडकवून आणि कानात कापसाचे बोळे कोंबून जी बाई आयर्न मेडन नावाच्या रॉक बँडचा शो बघत उभी होती तिच्याशी माझा काही संबंध नाही. आता रिटायरमेंट जवळ आलीय, पेन्शनचे कागद सबमिट झालेत, तर बोलायला हरकत नाही.

खरं तर जाणार होता नवरा. चिरंजीव तेव्हा अकरावीत, एकट्याला सोडायचं नाही असं ठरलेलं, म्हणून दोन तिकिटं काढलेली, आणि त्या दोन तिकिटांच्या पैशात आमच्याकडे महिन्याचा किराणा आला असता हे सासूबाईंनी पाच-सहा वेळा तरी काढून झालेलं. गुरुवारी रात्री नवऱ्याची पाठ धरली. गॅसचा सिलिंडर उचलताना धरली म्हणाला. सिलिंडर मी स्वतः वॉचमनकडून आत ठेवून घेतला होता, पण जाऊ दे. आता तिकीट फुकट जाऊ देणं हे आमच्या घराण्यात पाप आहे, आमच्याकडे माणसं ताप अंगावर काढून नाटकाला गेलीयेत, पैसे परत मिळत नाहीत म्हणून. तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सकाळी चिरंजीव काळा टी-शर्ट घालून बाहेर आले. त्यावर एक सडलेला, कातडी लोंबणारा, डोळ्यांच्या खोबणीत लाल दिवे लागलेला सांगाडा. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा कोण रे? वेताळ का?"

"एडी आहे तो आजी. बँडचा मॅस्कॉट."

"आणि बँडचं नाव काय?"

आयर्न मेडन म्हणजे काय ते त्याने सांगितलं. माणसाला उभं कोंबायचं लोखंडी कपाट, ज्याच्या दाराला आतून खिळे असतात. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "डबा घेऊन जा गं, तिथे काय मिळेल न मिळेल."

म्हणून मी दोन थालीपिठं आणि लसणाची चटणी घेतली. ही चटणी लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यामुळे झालंय.

मुलुंडहून स्लो पकडली. गाडीत चिरंजीवांनी माझी तयारी करून घेतली, व्हायवाच्या आधी आपण पोरांची घेतो तशी. बँड १९७५ चा, ईस्ट लंडनमधला, काढला स्टीव्ह हॅरिसने, तो बेस वाजवतो. गिटारवाले तीन. तीन कशाला लागतात हे विचारायचं नाही. आणि यांचा जो गायक आहे, ब्रूस डिकिन्सन, तो पायलट आहे. म्हणजे हौस म्हणून नव्हे, एअरलाइनमधला खरा कॅप्टन. या टूरसाठी त्यांनी अख्खं बोईंग ७५७ घेतलंय, मागच्या सीटा काढून तिथे सामान भरलंय, पुढे बँड आणि बॅकस्टेजची माणसं, आणि विमान चालवतोय कोण तर गायक. जगभरच्या त्या टूरचा पहिला शो आपल्या मुंबईत. मला हे एकदम ओळखीचं वाटलं. आपल्या नाटकाची बस. टपावर सेट, मागे कपडेपट, पुढे नटमंडळी, फक्त आपल्याकडे नायक स्टिअरिंगवर बसत नाही एवढंच. हे मी बोलून दाखवलं तर चिरंजीव खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याला काय माहीत, मी रॉकच्या बाबतीत अगदीच कोरी नव्हते. १९८० च्या मार्चमध्ये धोबीतलावच्या रंगभवनात एक ब्रिटिश बँड आला होता. आणला कोणी, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या समाजसेवा करणाऱ्या क्लबने. मी तेव्हा सोळाची, गिरगावात राहायचे, म्हणजे चालत दहा मिनिटं. बँडचं नाव होतं द पोलिस. मी धीर करून वडिलांना म्हटलं, "बाबा, मैत्रिणींबरोबर रंगभवनला पोलिस बघायला जाऊ?" वडिलांनी पेपर खाली ठेवला. "का? काय झालंय तिथे?" मी म्हटलं काही झालं नाही, गाणार आहेत. "पोलिस गाणार आहेत?" आईला हाक मारली गेली. त्यानंतर आठ दिवस मला संध्याकाळी वाण्याकडेसुद्धा एकटीला पाठवलं नाही. तर या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि कुर्ला येईपर्यंत मला, खरं सांगते, थोडी मजा वाटायला लागली होती.

ती मजा गेटवर गेली.

गेटच्या अलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर काळे टी-शर्ट. मी त्या सगळ्यात कढईत पडलेल्या हळदीच्या खड्यासारखी दिसत होते. लाइनीत तास गेला. पुढे चेकिंग, तिथे पोरांकडून खिळ्यांचे पट्टे, साखळ्या, मनगटातले काटेरी कडे काढून घेऊन एका बाजूला ढीग चाललेला, भंगारवाल्याच्या दुकानासारखा. बायकांच्या लाइनीत मी, दोन कॉलेजच्या मुली आणि एक फिरंगी बाई. तिथल्या कॉन्स्टेबल बाईंनी माझी पाण्याची बाटली काढली आणि ड्रममध्ये टाकली. मग डबा काढला, उघडला. लसणीचा वास सुटला, मागची फिरंगी बाई एक पाऊल मागे सरकली.

"ताई, डबा आत जात नाही."

"अहो घरचा आहे."

"दिसतंय ना. नाही जात. बाटली नाही, डबा नाही."

"मग काय करू मी?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग जरा मायेने म्हणाल्या, "इथेच खाऊन घ्या ना."

मी खाल्लं. अन्न टाकायचं नाही म्हणजे नाही. चेकिंगच्या टेबलाला टेकून, पाच मिनिटांत, दोन थालीपिठं आणि ती सगळी चटणी. सासूबाईंच्या हातची, तिखटाला मागेपुढे न बघणारी. चिरंजीव तोवर पुढे जाऊन माझ्याशी काहीच नातं नसल्यासारखे उभे होते. रिकामा स्टीलचा डबा मी पर्समध्ये घातला तो त्यांनी जाऊ दिला, आणि शेवटचा घास गिळल्यावर माझ्या लक्षात आलं की पाणी ड्रममध्ये आहे.

आत पाणी होतं. पण पाण्याला कुपन होतं, कुपनाची लाइन वेगळी, पाण्याची वेगळी, आणि दोन्ही लाइनी ज्या कोपऱ्यात मिसळत होत्या तिथे पोरं एकमेकांना विचारत होती, भाई ये कौनसी लाइन है. शंभराच्या खाली कुपन नाही. मी म्हटलं जाऊन येते, तर चिरंजीव म्हणाले, "आई, आता गेलीस तर परत इथे येता येणार नाही, जागा जाईल." जागा म्हणजे काय तर धुळीतला दोन बाय दोनचा तुकडा. त्या जागेसाठी मी दोन तास तहानलेली उभी राहिले. खालून धूळ, वरून ऊन, आतून लसूण. बाजूला मिठी नदी आहे, तिचा वास येत होता, एवढाच काय तो पाण्याशी संबंध.

अंधार पडला आणि स्पीकरवर एक जुनंच गाणं लागलं, यांचं नाही, यूएफओ नावाच्या दुसऱ्याच बँडचं, आणि सगळं मैदान किंचाळलं. मला वाटलं झालं सुरू. चिरंजीव म्हणाले हे गाणं दर वेळी आधी लागतं, म्हणजे आता ते येणार. तिसरी घंटा, थोडक्यात. मग दिवे गेले, पडद्यावर जुनी लढाऊ विमानं, आणि मैदानभर आवाज घुमला तो विन्स्टन चर्चिल यांचा. १९४० चं भाषण, आम्ही किनाऱ्यांवर लढू, मैदानांत लढू, शरण जाणार नाही ते. आणि मुंबईतली ती हजारो पोरं चर्चिलला शिट्ट्या मारतायत, हात वर करून गर्जतायत! माझे सासरे बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आलेले. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागते न मागते तोच समोर जे काही फुटलं त्यात चर्चिलही गेला आणि सासरेही.

आवाजाचं म्हणाल तर मी गिरगावची आहे. विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशे, डीजे, सुतळी बॉम्ब यातून आम्ही भाजी घेऊन आलोय. पण हा आवाज कानातून येतच नव्हता, तो खालून पायातून यायचा आणि बरगड्यांत राहायला जायचा. त्या हॅरिसचा बेस म्हणजे घोड्याच्या टापा, टडडं टडडं टडडं टडडं, आणि घोडा माझ्या पोटातल्या थालीपिठावरून चाललेला. अर्जात लिहिलेला पोटातला बिघाड तेव्हा पहिल्यांदा खरा झाला. कापसाचे बोळे पहिल्याच मिनिटाला निरुपयोगी ठरले. या पहिल्या गाण्याचं मुंबईतलंच शूटिंग पुढच्या वर्षी टूरच्या डॉक्युमेंटरीत आलं, चिरंजीवांनी ते पॉज करकरून बघितलं, आपण कुठे दिसतोय का म्हणून. एका ठिकाणी काहीतरी पिवळं आहे. नवरा म्हणतो ती तूच, मी म्हणते स्पॉटलाइट.

माझ्याभोवतीची पोरं एव्हाना घुमायला लागली होती. दुसरा शब्दच नाही. नवरात्रात देवीपुढे बायकांच्या अंगात येतं, केस सोडून कंबरेतून घुमतात, अगदी तस्संच, फक्त यांना कोणी कुंकू लावून खणानारळाने ओटी भरत नव्हतं. आणि सगळ्यांचा एक हात वर, त्याची तर्जनी आणि करंगळी ताठ. आता वीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला वर केलेली करंगळी दिसली की एकच सुचतं. हजारो मुलं एकाच वेळी बाथरूमला जायची परवानगी मागतायत आणि समोरून कोणी देत नाहीये.

एक मात्र आवडलं. ढोलांच्या त्या किल्ल्यात जो बसला होता, निको मॅकब्रेन, तो म्हणे अनवाणी वाजवतो. चपला काढून वाद्याला बसणारा माणूस म्हटल्यावर माझ्या मनात त्याच्याबद्दल जरा आदर आला, तो दिसत कुठेच नव्हता तरी. आणि तो गायक! एकोणपन्नास वर्षांचा, माझ्यापेक्षा पाचने मोठा. स्वतः विमान उडवत मुंबईत उतरलेला आणि आता स्टेजच्या त्या इजिप्शियन सेटवरून या टोकापासून त्या टोकाला पळतोय, स्पीकरवरून उड्या मारतोय, वर गातोय. मला सारखा घरी पाठ शेकत पडलेला नवरा आठवत होता.

तर या सगळ्यात मागून एक जोरदार रेटा आला, माझी पर्स फिरून पाठीवर गेली, मी पुढच्या पोरावर आदळले, स्टीलचा डबा त्याच्या कमरेत लागला, तो चिडून वळला आणि त्याचा चेहरा पडला.

"मॅडम!"

माझा एस.वाय.चा विद्यार्थी. शेवटच्या बाकावरचा, पंख्याखालचा. अटेंडन्स इतका शॉर्ट की बुधवारीच मी ब्लॅकलिस्टमध्ये त्याचं नाव टाकलं होतं आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या लेक्चरला पालकांना घेऊन ये म्हटलं होतं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. त्याच्या डोळ्यात स्पष्ट दिसत होतं, मॅडम मला शोधत इथपर्यंत आल्या. आणि मग हळूहळू, ब्रूस डिकिन्सन मागे बोंबलत असताना, त्याला हिशोब लागला. आज शुक्रवार. तीनचं लेक्चर. मॅडम आजारी.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं. पण त्याने वळून मित्रांना काहीतरी खूण केली आणि पुढच्या मिनिटाला पाच-सहा दांडगी पोरं हातात हात घालून माझ्याभोवती कडं करून उभी राहिली. दहीहंडीच्या खालच्या थरासारखी. रेटा आला की त्यांच्यातला एक ओरडायचा, "अबे देख के! मॅडम है!" आणि काय सांगू, घुमणारी माणसं घुमता घुमता बाजूला व्हायची. एका केस वाढवलेल्या अनोळखी मुलाने तर लागल्या लागल्या माझ्या पायाला हात लावून सॉरी म्हटलं. चिरंजीवांना आता माझ्याशी नातं सांगायला काही हरकत वाटेना.

मग एक गाणं सुरू झालं आणि मला वाटलं मला उन्हाने भास होतोय. म्हातारा खलाशी. अल्बट्रॉस. मी दचकून चिरंजीवांच्या कानात ओरडले, "हा कोलरिज आहे का?" त्याने मान हलवली. इंग्लिश कवी कोलरिजची १७९८ ची ती म्हाताऱ्या खलाशाची लांबलचक कविता, त्यावर या लोकांनी १९८४ साली साडेतेरा मिनिटांचं गाणं केलंय आणि ते लोक विकत घेऊन ऐकतात! मी ही कविता वीस वर्षं शिकवतेय. लग्नाला आलेल्या पाहुण्याला एक म्हातारा दारातच गाठतो आणि आपली कर्मकहाणी ऐकवत बसतो, म्हणजे मंगल कार्यालयात पंगत बसायच्या वेळेला आपल्याला एखादे काका गाठतात तसं, हे मी दर वर्षी सांगते, दर वर्षी पहिल्या बाकावरच्या दोघी हसतात. बाकीचा वर्ग त्या पाहुण्यासारखा दाराकडे बघत असतो. मागच्या टर्मला याच माझ्या ब्लॅकलिस्टवाल्याने पेपरात अल्बट्रॉस हे जहाजाच्या कॅप्टनचं नाव आहे असं लिहिलेलं. दोन मार्क दिले होते, अक्षर चांगलं म्हणून.

गाणं जरा पुढे सरकलं. स्टेजवर धूर, निळा उजेड, गायकाच्या अंगावर फाटका झगा. वारा पडलाय, जहाज जागचं हलत नाही. कवितेतल्या जशाच्या तशा ओळी. आणि माझ्याभोवतीचं ते कडं, ती दांडगी पोरं, ओठ हलवत होती. पाठ! कोलरिज पाठ! एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि सगळ्यात मोठ्याने माझा तो कॅप्टन अल्बट्रॉसवाला, डोळे मिटून, मान वर करून, वॉटर वॉटर एव्हरीव्हेअर.

सगळीकडे पाणीच पाणी, प्यायला थेंब नाही.

वीस वर्षं ही ओळ फळ्यावर लिहितेय मी. तहानलेल्या माणसाला ती कशी लागते हे मला त्या दिवशी जीभ टाळूला चिकटलेली असताना कळलं. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, चिरंजीव म्हणतो तू 'पाणी!' म्हणून ओरडलीस, आणि जमावाला वाटलं बाई गाण्यात एकदम घुसल्यात, दोघांनी टाळ्या दिल्या. पण ब्लॅकलिस्टवाल्याला बरोबर कळलं. तो खाली वाकला, जीन्स वर केली, बूट सैल केला आणि मोज्यातून पाण्याचं पाऊच काढलं. गेटवरून चोरून आणलेलं. दुपारपासून त्या पायाला चिकटून गरम झालेलं, त्यावर मोज्याच्या विणीची नक्षी उठलेली.

"मॅडम, चालेल का?"

मी आयुष्यात कधी स्टेशनवरचा चहा नीट कप बघितल्याशिवाय घेतलेला नाही. ते पाऊच मी दाताने कोपरा फाडून एका दमात संपवलं.

तेवढ्यात गाणं आणखी उसळलं आणि मी करंगळी वर केली. तर्जनी राहिली, ती नंतर केली.

शेवटी टी-शर्टवरचा तो वेताळ येऊन गेला, पोरं घसा फाटेस्तोवर ओरडली, आणि सगळं संपल्यावर स्पीकरवर काय लागावं तर शिट्टी मारत म्हणायचं एक विनोदी इंग्लिश गाणं, नेहमी आनंदाची बाजू बघा छापाचं. तेही म्हणे दर वेळी लागतं. हजारो घामट, धुळीने राखाडी झालेली भुतं शिट्टी वाजवत शिस्तीत गेटकडे निघाली. रिक्षावाले कुर्ल्याचे दोनशे म्हणत होते, म्हणजे निदान बोटं दोन दाखवत होते, ऐकू कोणालाच काही येत नव्हतं. चालत गेलो. कुर्ला स्टेशनवर मी एका बाटलीवर दुसरी बाटली प्यायले. कानात कुकरची शिट्टी, बंद न होणारी. गाडीत मी चिरंजीवांना एवढंच विचारलं, "मजा आली का रे?" तर अख्ख्या डब्याने वळून बघितलं आणि एक गृहस्थ म्हणाले, "हो."

घरी सासूबाई जाग्या होत्या. "कसं काय झालं गं?" त्यांनी विचारलं असणार. मी म्हटलं, "चटणी छान झाली होती." शेजारच्यांनी दिवा लावला.

सोमवारी वर्गात गेले. कानातली शिट्टी अजून बारीक चालू होती. ब्लॅकलिस्टवाला चक्क पहिल्या बाकावर. लेक्चर संपल्यावर टेबलाशी घुटमळत राहिला.

"मॅडम, ते शुक्रवारचं लेक्चर..."

"शुक्रवारी मी होते का?"

"नाही मॅडम. तुम्ही आजारी होतात."

"तू होतास?"

तो जरा थांबला. "मी पण आजारीच होतो मॅडम."

"काय झालं होतं?"

"पोटात बिघाड."

मी मस्टर बंद केलं. त्याला म्हटलं, अल्बट्रॉस हा पक्षी आहे, एवढं पेपरात नीट लिही.